आठ माइक, एक स्प्लिटर, एक पॅचबे : स्टुडिओतील सिग्नल-वाटपाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

पुण्यात एरंडवण्यातील आमच्या स्टुडिओत २१ जुलैला गुरुपौर्णिमेची बैठक होणार असून तिचे बहुमार्गी ध्वनिमुद्रण, दालनातील श्रोत्यांसाठी ध्वनिक्षेपण आणि इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण ही तिन्ही कामे एकाच वेळी, त्याच आठ माइकांवरून करायची आहेत. आठांचा हिशेब असा : गायनाला एक, तबल्याच्या जोडीला दोन, संवादिनीला दोन, तानपुऱ्याला एक आणि दालनाचा एकंदर नाद टिपण्यासाठी छताजवळ दोन. आजवर असा प्रसंग आला की वाय-केबल (एका तारेला दोन फाटे असलेली) लावून वेळ निभावली जाई; या वेळी कायमची व्यवस्था करायची आहे.

प्राथमिक यादीत माइकच्या एका सिग्नलचे तीन करणारा आठ चॅनेलचा स्प्लिटर, उपकरणांच्या जोडण्या एका जागी छिद्रांच्या ओळींत आणणारे दोन पॅचबे आणि जमल्यास नेटवर्कवरून ध्वनी नेणारी डान्टे यंत्रणा एवढ्या वस्तू आहेत. ही यादी ध्वनिमुद्रण, ध्वनिक्षेपण आणि प्रक्षेपण पाहणाऱ्या तिघांच्या मागण्यांची बेरीज आहे, त्यामुळे तिच्यात प्रत्येकाने आपल्या सोयीसाठी थोडे जास्तच मागितले आहे. वस्तू कोणता सिग्नल कोठून उचलून कोठे पोहोचवणार हे तिच्यापुढे लिहिल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही, असे मालकांशी बोलून ठरले.

६ जून

गुरुवार असल्यामुळे दुरुस्तीच्या कामासाठी दुपारपर्यंत वीज नव्हती. तो वेळ आराखड्यासाठी सत्कारणी लागला. मोठ्या कागदावर डावीकडे सगळे माइक, उजवीकडे सगळी ठिकाणे आणि मधे फक्त रेघा काढल्या. रेघा मोजताना पहिलीच गोष्ट लक्षात आली ती ही की थेट प्रक्षेपणाला आठ माइक स्वतंत्रपणे लागतच नाहीत. त्यांना हवे आहे ते तयार मिश्रण, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन लाइन (माइकपेक्षा मोठ्या पातळीचे) सिग्नल, आणि ते मिश्रण ध्वनिमुद्रणाच्या इंटरफेसमध्ये (माइकांना संगणकाशी जोडणाऱ्या पेटीत) तयार करून त्याच्या मोकळ्या आउटपुटांवरून देता येते. इंटरफेसच्या आत सिग्नल एकदा आकड्यांत रूपांतरित झाला की त्याच्या कितीही प्रती काढल्या तरी मूळ तसूभरही कमी होत नाही, त्यामुळे तिसरी वाट तिथेच फुकट मिळते.

ध्वनिक्षेपणाला मात्र माइक स्वतंत्र हवेत, कारण दालनातील गायन-तबल्याचा तोल श्रोत्यांच्या समोर बसून साधावा लागतो आणि तो ध्वनिमुद्रणातील तोलापेक्षा वेगळा असतो. त्यांना दालनाच्या नादाचे दोन माइक नकोत. ते ध्वनिक्षेपकांवर सोडले तर शिट्टी वाजण्यापलीकडे काही साधणार नाही. म्हणजे खरे विभाजन सहाच माइकांचे, तेही एकाचे दोन एवढेच आहे. तीन वाटांचा स्प्लिटर यादीतून काढला.

डान्टेचाही निकाल याच कागदावर लागला. ही यंत्रणा उत्तम आहे आणि गिगाबिट नेटवर्कवरून असंख्य चॅनेल एका केबलने नेते, पण तिचा लाभ दोन्ही टोकांना तशीच उपकरणे असतील तेव्हा. आमच्याकडे ध्वनिक्षेपणाचा मिक्सर कंत्राटदार आणतो आणि तो दर वेळी वेगळा असतो. उद्या कोणताही मिक्सर आला तरी त्याच्या हातात एक्सएलआर (माइकची नेहमीची तीन पिनांची) केबल ठेवता आली पाहिजे, एवढीच ती गरज आहे. शिवाय दालन आणि नियंत्रण कक्ष यांत जेमतेम एका भिंतीचे अंतर आहे.

१० जून

वाय-केबलच्या बाजूने आणि विरुद्ध बरीच मते कानावर येतात, म्हणून आज आकडे मांडले. साधारण कंडेन्सर माइकचा (आत विजेवर चालणारे सर्किट असलेल्या माइकचा) स्वतःचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युत अवरोध, २०० ओहम आणि प्रीअँपच्या (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या) इनपुटचा १५०० ओहम धरला तर एकाच प्रीअँपला जोडल्यावर पातळी सुमारे १.१ डीबीने (डेसिबलने) उतरते. दोन प्रीअँप समांतर जोडले की एकत्रित भार ७५० ओहम होतो आणि उतार २ डीबीच्या आसपास जातो. तीन जोडले तर भार ५०० ओहम आणि उतार २.९ डीबी. म्हणजे दुसरी वाट जवळपास १ डीबीला पडते आणि तिसरी आणखी तेवढ्यालाच.

कंडेन्सर माइकच्या बाबतीत हा तोटा प्रीअँपचा गेन (वाढीचे प्रमाण) किंचित वाढवून भरून निघतो. डायनॅमिक, म्हणजे कॉइलच्या, माइकचे तसे नाही. गायनासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएम ५८ चा नाममात्र इम्पिडन्स १५० ओहम सांगितला जातो, पण प्रत्यक्षातला ३०० ओहम आहे. त्याच्यावर दुसऱ्या वाटेचा उतार सुमारे १.३ डीबी येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॉइलच्या माइकचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसल्यामुळे भार वाढला की पातळीबरोबर पोतही थोडा बदलतो.

वाय-केबलऐवजी ट्रान्सफॉर्मरचा स्प्लिटर लावला म्हणजे हा भार नाहीसा होतो, असा एक समज आहे. एकास एक गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या प्रीअँपचा भार जसाच्या तसा अलीकडे परावर्तित करतो. त्याचे काम दोन्हीकडच्या विद्युत जोडण्या एकमेकींपासून विलग ठेवणे हे आहे. त्यामुळे स्प्लिटरवर खर्च करायचा तो भार टाळण्यासाठी नव्हे, घरघर आणि फँटम (माइकला त्याच्याच तारेतून मिळणारी वीज) यांचा गुंता टाळण्यासाठी, हे मालकांना दिलेल्या टिपणात स्पष्ट लिहिले.

लाइन पातळीचे गणित अगदीच निर्धास्त आहे. आउटपुटचा इम्पिडन्स १०० ओहम आणि इनपुटचा १०,००० ओहम असेल तर एकाऐवजी दोन इनपुट जोडल्याने पडणारा फरक ०.१ डीबीइतकाही नाही. लाइन सिग्नलचे दोन फाटे साध्या तारेने करता येतात. उलट दिशेने, म्हणजे दोन आउटपुट एका तारेत जोडणे, मात्र कधीही करायचे नाही. तिथे दोन्ही आउटपुट एकमेकांना भार म्हणून ओढू लागतात आणि मिश्रणासाठी मिक्सर किंवा किमान रोधक तरी लागतातच.

१३ जून

फँटमची मालकी कोणाकडे, हा आजचा विषय. कंडेन्सर माइकला प्रीअँपकडून ४८ व्होल्ट मिळतात, दोन्ही सिग्नल-तारांवर ६.८ किलोओहमच्या रोधकांमधून. ही पद्धत नॉयमन कंपनीने १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी आणली आणि ४८ हा आकडा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी आधीच असलेल्या पुरवठ्यावरून आला, असे सांगतात. वाय-केबलवर दोन्ही मिक्सरांनी फँटम चालू केले तर दोन पुरवठे एकमेकांवर आदळतात. ट्रान्सफॉर्मरमधून एकदिश विद्युत प्रवाह पलीकडे जातच नसल्यामुळे फँटम फक्त थेट (ट्रान्सफॉर्मर मधे नसलेल्या) वाटेने जाते, विलग वाटेवरून कोणी चुकून चालू केले तरी माइकला त्याचा पत्ता लागत नाही.

थेट वाट ध्वनिमुद्रणाच्या इंटरफेसला द्यायची, असे ठरवले, आणि त्यातून इंटरफेसवर एक अट आली. त्याला स्वतःचा अडॅप्टर हवा. लॅपटॉपच्या यूएसबीवर जगणारा इंटरफेस लॅपटॉपबरोबर झोपी गेला तर सहाही माइक श्रोत्यांसमोर मुके होतील. अडॅप्टर यूपीएसवर लावायचा.

१८ जून

स्प्लिटरचे पर्याय पाहिले. सक्रिय स्प्लिटरमध्ये आतच प्रीअँप असतो, त्यामुळे भाराचा प्रश्न उरत नाही, परंतु त्याचा गेन सगळ्यांना सामाईक होतो आणि बैठकीच्या मध्यावर एकाने तो हलवला तर दुसऱ्याच्या पातळ्या उडी मारतात. शिवाय विजेवर चालणारी आणखी एक पेटी मार्गात येते. बेहरिंगरचा एमएस ८००० या प्रकारचा आहे. निष्क्रिय ट्रान्सफॉर्मर-स्प्लिटरांत एआरटीचा एस ८ आठ चॅनेलचा, एक थेट आणि एक विलग वाट देणारा, आमच्या आराखड्याशी जुळणारा आहे. रेडियलचा ओएक्स ८ जेन्सनच्या ट्रान्सफॉर्मरांसह येतो आणि दर्जात वरचढ आहे, मात्र तो तीन वाटांचा आहे आणि तिसरी वाट आम्हाला नको, हे ६ तारखेलाच ठरले.

ट्रान्सफॉर्मरच्या दर्जाचा फरक कोठे कळतो, तर खालच्या स्वरांत. गाभ्यातील लोखंड कमी कंप्रतेला आणि मोठ्या पातळीला लवकर संपृक्त होते आणि तिथे विकृती वाढते; गायनात ती सहसा ऐकू येत नाही, पण डग्ग्यावरची दमदार थाप, तीही अगदी जवळ ठेवलेल्या माइकवर, हीच त्याची खरी परीक्षा. एका परिचित स्टुडिओकडून एस ८ एका दिवसासाठी आणला. तबल्याचे सर आले होते, त्यांना विलंबित तीनताल धरायला सांगून डग्ग्याचा माइक थेट आणि विलग अशा दोन्ही वाटांनी मुद्रित केला. नेहमीच्या जोराला फरक कानाला जाणवला नाही. घिस्सा देताना, जिथे तळहाताचा दाब सरकतो आणि स्वर खाली-वर वाकतो, तिथे विलग वाटेचा तळ किंचित मऊ वाटला. ती वाट ध्वनिक्षेपकांकडे जाणार आहे आणि त्यासाठी एवढा फरक चालण्यासारखा आहे. ध्वनिमुद्रण थेट वाटेवरच राहणार. सरांना दोन्ही मुद्रणे न सांगता ऐकवली, तर त्यांचा अभिप्राय मऊ तळाच्या बाजूने पडला! तरीही निर्णय बदलला नाही. एस ८ मागवला.

२५ जून

पॅचबे. टीटी (बारीक जॅकच्या) प्रकारच्या पॅचबेत एका रॅक-युनिटमध्ये ९६ छिद्रे बसतात आणि मोठ्या स्टुडिओंत तेच योग्य आहे, पण त्याच्या मागच्या बाजूला बहुधा सोल्डरिंग किंवा २५ पिनांचे डी-सब जोड लागतात आणि त्याच्या दोऱ्या (छिद्रे जोडणाऱ्या छोट्या केबली) महाग पडतात. आमच्याकडे लाइन सिग्नल पंचवीसच्या आत आहेत. पाव इंची टीआरएस (टोक, कडे आणि दांडा असे तीन संपर्क असलेल्या) जॅकचा ४८ छिद्रांचा एकच पॅचबे पुरेसा आहे, दुसरा यादीतून काढला.

यात दोन पर्याय होते. बेहरिंगरच्या पीएक्स ३००० मध्ये वर-खालच्या छिद्रांच्या प्रत्येक जोडीसाठी नॉर्मल, हाफ-नॉर्मल आणि थ्रू असा तीन स्थितींचा स्विच वरच्या बाजूला असतो. न्यूट्रिकच्या एनवायएस-एसपीपी-एल१ मध्ये प्रत्येक जोडीची स्वतंत्र पट्टी असते आणि ती उलटी बसवून जोडणी बदलता येते. स्विच सोयीचा आहे यात शंका नाही, परंतु स्विच म्हणजे पावसाळी ओलाव्याला आणखी एक संपर्कबिंदू, आणि आम्ही जोडणी वर्षातून एकदाही बदलणार नाही. न्यूट्रिक घेतला.

वरच्या ओळीत आउटपुट, खालच्या ओळीत इनपुट, आणि बहुतेक जोड्या हाफ-नॉर्मल. या स्थितीत काहीही न खुपसता वरचा सिग्नल खाली वाहत राहतो, वरच्या छिद्रात दोरी घातली तर मूळ वाट न तुटता सिग्नलचा दुसरा फाटा हाती येतो आणि खालच्या छिद्रात घातली तरच मूळ वाट तुटून नवा सिग्नल आत जातो. लाइन पातळीला फाटा फोडण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही, ते याच जोडणीमुळे.

दोन गोष्टी पॅचबेपासून लांब ठेवल्या. माइकांच्या तारा भिंतीवरील एक्सएलआर पॅनेलवरून सरळ स्प्लिटरमध्ये जातील, कारण टीआरएस प्लग आत सरकताना त्याचे टोक, कडे आणि दांडा क्षणभर भलत्याच पट्ट्यांवर टेकतात आणि फँटम चालू असेल तर ४८ व्होल्टचा तो धक्का प्रीअँपला आणि ऐकणाऱ्याच्या कानांना बसतो. मॉनिटर स्पीकरची तारही पॅचबेवर नाही. तिथे चुकीची दोरी लागली तर होणारे नुकसान सोयीपेक्षा मोठे आहे.

कॅसेट डेकची सोय मात्र करावी लागली. जुन्या घरगुती बैठकींच्या कॅसेटी डिजिटल करून घेण्यासाठी लोक नेहमी येतात आणि डेकची पातळी उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट असते, तर स्टुडिओतील बाकी उपकरणे अधिक ४ डीबीयूला, म्हणजे १.२३ व्होल्टला चालतात. हा जवळपास १२ डीबीचा फरक आहे. डेक शेवटच्या दोन छिद्रांवर, कोणत्याही इनपुटशी न जोडता, थ्रू स्थितीत ठेवला आणि त्या छिद्रांना लाल पट्टी लावली.

४ जुलै

पालख्या शहरातून पुढे गेल्यावर बुधवार पेठेत जाऊन तपकीर गल्लीतून केबल आणि जोड आणले. जोड विकत घेताना प्रत्येक नग उघडून पाहावा लागतो, कारण नामांकित कंपन्यांच्या नावाचा बनावट माल सर्रास मिळतो. खऱ्या एक्सएलआरमध्ये पिना हलत नाहीत आणि केबल धरणारा पंजा केबलला दाताने धरल्यासारखा आवळतो. दालनातून येणाऱ्या माइकांच्या तारा एसीच्या वायरिंगला समांतर जातात, म्हणून तेवढ्यांसाठी चार गाभ्यांची स्टार-क्वाड केबल घेतली. ती चुंबकीय क्षेत्राचा उपद्रव चांगला परतवते. तिची धारकता जास्त असते, पण आमच्या लांबीला त्याने फरक पडत नाही. रॅकमधील जोडण्यांना साधी दोन गाभ्यांची केबल.

सोल्डरिंग पेठेतल्याच एका काकांनी स्टुडिओत येऊन केले. ते शील्डची (तारांभोवतीच्या संरक्षक वेष्टनाची) जाळी कात्रीने कापत नाहीत. सुईने एकेक पदर सोडवून, पिळून, त्यावर नळी चढवतात आणि मगच कथिल लावतात. जॅकच्या पाकळीवर लोखंड टेकवण्याआधी त्यात रिकामा प्लग घालून ठेवतात, त्यामुळे प्लॅस्टिक तापून मऊ झाले तरी पाकळ्या जागा सोडत नाहीत. स्टार-क्वाडमधील समोरासमोरच्या दोन तारा एकत्र करून पिन २ ला आणि उरलेल्या दोन पिन ३ ला, हे ते न सांगता करत होते. प्रत्येक केबल मल्टिमीटरने तपासली : पिन १ पासून १, २ पासून २, ३ पासून ३ आणि एकमेकांशी कोठेही स्पर्श नाही. पिन २ आणि ३ ची एका केबलमध्ये जरी अदलाबदल झाली तरी संवादिनीचे दोन माइक एकत्र करताना खर्ज गायब होतो, आणि मग दोष माइकमध्ये शोधला जातो.

११ जुलै

पूर्ण जोडणी करून, ध्वनिक्षेपणाच्या जागी एक मिक्सर मुद्दाम दुसऱ्या वीज-बोर्डावरून चालवून पाहिला. स्प्लिटरच्या विलग वाटेवरील ग्राउंडचा (शील्ड जोडण्या-सोडण्याचा) स्विच जोडलेल्या स्थितीत असताना घरघर आली, उचललेल्या स्थितीत ती गेली. कारण उघड आहे : दोन बोर्डांच्या अर्थमध्ये थोडे विभवांतर असते आणि पिन १ ने दोन्ही जोडले की शील्डमधून प्रवाह वाहू लागतो. उपकरणाच्या आत हाच पिन १ धातूच्या पेटीऐवजी सर्किटच्या जमिनीला जोडलेला असेल तर तो प्रवाह थेट सिग्नलमध्ये शिरतो; ध्वनी-अभियंते नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा दोष सविस्तर मांडला आणि पुढे ध्वनी-अभियंत्यांच्या एईएस या संस्थेच्या एईएस ४८ या मानकात पिन १ पेटीलाच जोडण्याचा दंडक आला. कंत्राटदाराचा मिक्सर आत कसा आहे हे आपल्या हाती नसल्यामुळे ग्राउंड उचलण्याची सोय आपल्याकडेच हवी.

आमच्या संगीताला ही घरघर विशेष जाचते. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघरीत १०० हर्ट्झचा स्वर ठळक असतो. बैठकीत गाणाऱ्या ताई काळी चारमध्ये गातात, म्हणजे त्यांच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण १०३.८ हर्ट्झवर लागतो. दोन्ही स्वर एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास चार वेळा हेलकावा ऐकू येतो आणि गवई तानपुरा पुन्हा पुन्हा लावत बसतो, तो बेसूर नसतानाही.

तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन काढून टाकण्याचा जुना उपाय या इमारतीत कोणीही करायचा नाही, असा फलक रॅकवर लावला. ती पिन माणसाच्या जिवासाठी असते. ध्वनीच्या बाजूचा पिन १ उचलला तर फक्त शील्ड सुटते. वायरमनकडून अर्थिंगची तपासणी करून घेतली, खड्ड्यात पाणी घातले.

प्रक्षेपणाच्या लॅपटॉपचा चार्जर लावला की बारीक किरकिर येते, म्हणून इंटरफेस आणि लॅपटॉप यांच्यामध्ये दोन चॅनेलचा लाइन-ट्रान्सफॉर्मर टाकला. मूळ यादीत नसलेली ही एकमेव वस्तू.

२२ जुलै

काल बैठक झाली. मध्यंतरानंतर ध्वनिक्षेपणवाल्यांनी गायनाच्या माइकचा गेन वाढवला. ध्वनिमुद्रणाच्या पातळीत काहीही हलले नाही. द्रुत तबल्याच्या वेळी मात्र त्यांनी डग्ग्याच्या चॅनेलवर पॅड (पातळी एकदम खाली आणणारे बटण) दाबला आणि आमच्याकडे त्या माइकची पातळी अगदी थोडी वर गेली. काही मिक्सरांत पॅड दाबला की इनपुटचा इम्पिडन्स बदलतो आणि निष्क्रिय स्प्लिटरमध्ये तो बदल पलीकडे पोहोचतो. पुढच्या वेळेपासून पॅडचा निर्णय ध्वनितपासणीतच घ्यायचा, ही ओळ कंत्राटदाराला द्यायच्या सूचनांत घातली. प्रक्षेपणात आणि दालनात घरघर नव्हती.

२९ जुलै

पॅचबेचा तक्ता मराठीत छापून रॅकच्या आतल्या दारावर लावला. पाहुणे वादक गिटारच्या साध्या टीएस (कडे नसलेल्या, दोनच संपर्कांच्या) दोऱ्या घेऊन येतात, त्या टीआरएस आउटपुटात घातल्या की कडे जमिनीला जोडले जाते आणि काही आउटपुटांना ते सोसत नाही. म्हणून टीआरएस दोऱ्या निळ्या वेष्टनाच्या घेतल्या आणि पॅचबेवर फक्त त्याच वापरायच्या असे तक्त्यावर लिहिले. ज्या छिद्रांत महिनोन्‌महिने काही घातले जात नाही त्यांचे नॉर्मलिंगचे संपर्क दमट हवेत काळे पडतात, तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर्व छिद्रांत एक प्लग घालून काढायचा आणि दिवाळीपूर्वी पट्ट्या काढून संपर्क-द्रावणाने पुसायच्या. स्प्लिटरच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या विलग वाटा रिकाम्या आहेत. हेडफोन-वाटपाचा विचार करताना त्यांना हात लावायचा नाही, त्या निवेदकाच्या माइकसाठी राखून ठेवल्या आहेत.